कराडची लाइट

सासूबाईंचा कराडचा मोबाइल नंबर म्हणजे आमच्या घरातलं एक कायमचं दुखणं होतं. इकडे उत्तरेत, मानक नगरच्या आमच्या रेल्वे क्वार्टरमध्ये त्या कंपनीची रेंजच येत नाही. त्यामुळे आई रोज संध्याकाळी गुडघे धरत गच्चीवर जायच्या, फोन उंच करून उभ्या राहायच्या. मेसेज आला असला की खाली येऊन सांगायच्या, उद्या घरी लाइट जाणार. घरी म्हणजे कराडला. ते घर सासरे गेल्यावर विकलं. पण नव्या मालकांनी वीजबिलावरचा नंबर बदलला नव्हता. लाइट जाण्याचे मेसेज अजून आईंनाच यायचे. कराडचं त्यांच्याकडे तेवढंच उरलं होतं.

मध्यंतरी एकदा जिन्यात त्यांचा पाय घसरला. थोडक्यात निभावलं. माझा नवरा धैर्यशील दुसऱ्याच दिवशी आलमबागच्या बाजारातून घरात रेंज येणाऱ्या कंपनीचं सिम घेऊन आला. आईंच्या फोनमध्ये एकच सिम बसतं, तेव्हा जुनं काढून टाकू म्हणाला. आई त्या रात्री जेवल्या नाहीत.

मला दोघांचाही राग आला. फोनला ई-सिम चालत असेल तर नवा नंबर कार्डाशिवाय घेता येतो आणि जुनं कार्ड जागेवर राहतं, एवढं मला ठाऊक होतं. मेसेज बघायला फोन घेऊन मी गेले असते वर. स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबलं. ई-सिम चालणाऱ्या फोनवर ईआयडी म्हणून एक लांबलचक आकडा दिसतो. आईंच्या फोनवर तो नव्हता. त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या, त्यांना सांगावंच लागलं नाही.

मग माझ्या फोनवर तेच दाबलं, तर ईआयडी आला. मी माझाच नंबर ई-सिमवर घेतला आणि रिकाम्या झालेल्या जागी कराडचं सिम बसवलं. आता गच्चीवर मी जाणार, तुम्ही एक पायरी चढायची नाही, असा आईंना दमही भरला.

तेव्हापासून भाजी अर्धवट टाकून मी रोज वर जायचे. शेजारच्या मिश्राजींनी एकदा विचारलंही, "भाभीजी, रोज चाँद देखने आती हैं क्या?"

मागच्या आठवड्यात मेसेज आला, या ग्राहकाचा मोबाइल क्रमांक बदलण्यात आला आहे. नव्या मालकांना अखेर जाग आली होती. त्या घरात मी स्वतः जेमतेम दोन दिवाळ्या काढल्या, तरी मला तिथेच रडू कोसळलं.

खाली आई दाराकडे खुर्ची वळवून वाट बघत बसल्या होत्या.

"उद्या लाइट नाही, आई. दहा ते दोन," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. सकाळीच टाकी भरून ठेवायला हवी म्हणाल्या. मग माझा हात धरला.

"दुरुस्तीसाठी आपल्याकडे कराडला लाइट सोमवारी घालवतात गं. उद्या शुक्रवार आहे," त्या हळूच म्हणाल्या. "पण तू सांगत जा."