‘चढाई’ची पहिली कढई

मित्रांनो, मी लोखंडाची आहे, जड आहे आणि बुडाशी काळीकुट्ट आहे. मला पाहून नाक मुरडावेसे वाटले तर खुशाल मुरडा. पनवेलच्या ‘चढाई फ्राईड चिकन’ची मी सर्वांत जुनी कढई. आज या नावाची दुकाने पनवेल, उलवे आणि द्रोणागिरीला आहेत, पण सुरुवात माझ्यापासून झाली. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. बरे, थोडीशी म्हणूनच सांगते.

माझे मालक तुळशीराम गव्हाण गावचे. एके काळी ते कबड्डीचे नावाजलेले खेळाडू होते. पुढे गुडघ्यांनी दगा दिला आणि खेळ सुटला, पण मैदान काही सुटेना. मग त्यांनी पनवेलच्या बाजारातून मला आणले. दुकानदार चकचकीत ॲल्युमिनियम पुढे करत होता, यांनी मला टिचकी मारली, आवाज ऐकला आणि उचलले. जिथे कबड्डीचे सामने भरत तिथे आमची गाडी लागे. त्यांची बायको वेणू घरी मसाला कुटायची आणि शेजारची भामा माझ्यात चिकन तळायची. हरलेला संघ खाली मान घालून यायचा आणि बोटे चाटत जायचा.

पुढे दुकाने झाली. तुळशीरामांचा मुलगा मितेश धंद्यात आला आणि त्याने तळायची मशीन आणली. तिला दिवे आहेत, घंटी आहे, काम झाले की ती सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशी ओरडते. मी इतकी वर्षे राबले, कधी ब्र काढला नाही. त्याचे बक्षीस म्हणून मला मागच्या खोलीत पालथे घातले आणि माझ्यावर कांद्याचे पोते ठेवले. मला फार वाईट वाटले.

आता श्रावणाचे सांगते. न्हावा शेवा बंदराच्या ट्रकवाल्यांना श्रावणाचे काही नसते, त्यामुळे द्रोणागिरीचे दुकान बारा महिने चालते. पनवेलचे दुकान मात्र नोकरदार माणसांच्या इमारतीखाली. तिथे श्रावणात चिकनकडे कुणी फिरकत नाही. गेल्या श्रावणात दुकान बंद ठेवावे लागले आणि भामा महिनाभर रिकामी घरी बसली. यंदा तसे होऊ नये म्हणून मितेशने ठरवले, महिनाभर चिकन बंद, फक्त उपवासाचे साबुदाणावडे.

नव्या लोखंडी कढईला वडे चिकटतात, म्हणून त्याला माझी आठवण झाली. त्याने मला चिंच आणि राख लावून घासले, हळदकुंकू वाहिले, माझ्यापुढे नारळ फोडला आणि म्हणाला, “झाली शुद्ध!” मित्रांनो, मी काही इतकी भोळी नाही. पण कितीतरी दिवसांनी अंगाखाली जाळ आला, तेल तापले, भामाचा झारा फिरला. मी मनापासून सुखावले.

पहिल्या सोमवारी तिसऱ्या मजल्यावरच्या सुमतीबाई खाली आल्या. श्रावणी सोमवार त्या पाळतात. साऱ्या इमारतीसाठी वडे न्यायला मोठा डबा आणला होता. डबा पुढे करण्याआधी त्यांनी विचारले, “कढई वेगळी आहे ना रे?”

“एकदम वेगळी, काकू. चिकन मशीनमध्ये होतं,” मितेश म्हणाला.

याला म्हणतात नरो वा कुंजरो वा. भामाचा झारा जागीच थांबला. तेवढ्यात तुळशीराम लंगडत दुकानात शिरले. त्यांनी मला पाहिले, डबा पाहिला.

“ताई, थांबा. ही कढई चिकनचीच हाय. इच्यातच आमी धंदा चालू केला. घासली हाय, पन चिकनचीच हाय.”

सुमतीबाईंनी मितेशकडे पाहिले. त्यांनी डब्याला झाकण लावले. “बरं झालं सांगितलंत. मी घरोघरी वाटणार होते,” एवढेच बोलून त्या जिना चढून गेल्या.

मितेश चिडला. “बाबा, त्यांना कळलंसुद्धा नसतं!”

“तिला कळनार असता तर मी कशाला सांगितला असता?” तुळशीराम म्हणाले.

बातमी सगळ्या मजल्यांवर पोहोचली. मितेशने दुसरी, कोरी कढई आणून पाहिली, तरी एकही गिऱ्हाईक आले नाही. शेवटी शटर ओढले. पण या वेळी तुळशीरामांनी भामाला घरी बसू दिले नाही. द्रोणागिरीला दुपारच्या गर्दीला मशीन पुरत नव्हती, म्हणून भामा आणि मी एकाच टेम्पोतून तिकडे गेलो. आता रोज माझ्यात चिकन तळले जाते आणि ट्रकवाले उभ्याउभ्या खातात.

मित्रांनो, त्या दिवशी मला क्षणभर लाज वाटली होती. माझ्यामुळे दुकान बसले, असे वाटले. पण मालकांनी सगळ्यांसमोर मला आपली म्हटले, हे मी विसरणार नाही. आम्हा भांड्यांना घासा, गंज चढू देऊ नका, एवढे तर मी मागतेच. आणखी एक मागते. आमच्यात काय शिजले ते आम्हाला सांगता येत नाही. समोरचा विश्वासाने डबा पुढे करतो, तेव्हा आमच्या वतीने तुम्ही खरे बोला.