वळणावरची माती

मी नंदाबाई. तोंडानं लय फटकळ, हे अख्ख्या कार्ला गावाला म्हाईत हाय. तरी तीन वर्सं मी गोरखभाऊंशी एक शबुद बोलले न्हाई, म्हंजे बगा राग किती असंल.

आमच्या दोगांच्या शेतांच्या मधून ओढा जातो. माझ्या भाताच्या खाचरापाशी तो वळण घेतो. दर पावसाळ्यात माझा काठ हातभर ढासळणार आन् समोर भाऊंच्या काठाला वाळू साचणार. माझी एक पट्टीच्या पट्टी गेली. मला वाटायचं, ह्यो माणूस गुपचूप दगड टाकून पाणी माझ्या अंगावर ढकलतो. लावणीला गाव मिळून एकमेकांच्या इर्जिकीला जातं, तर भाऊंच्या इर्जिकीलाबी मी जाईना.

आवंदा दिवाळीनंतर ढासळलेल्या काठावर उभी राहून मी शिव्या घालत हुते. भाऊंची सून यशोधरा, शाळेतली मास्तरीण, समोरून पाण्यात उतरली.

"मावशी, शिव्या झाल्या आसतील तर हे बगा."

तिनं पळसाची दोन पानं पाण्यात सोडली, एकेका काठाला एक. माझ्या काठाचं पान सुसाट पळालं, तिच्या काठाचं रेंगाळत बसलं.

"वळणाच्या बाहेरून पाणी पळतं, ते माती खातं. आतल्या अंगाला दमतं, मग माती टाकून देतं. ह्यात कुणाचा हात न्हाई."

"मग ओढा माझ्यावरच का गं उठलाय?"

"तुमच्यावरच कुटं? चला खाली."

शंभर पावलांवर ओढा उलटा वळतो. तितं माझ्या बाजूला गाळाची पट्टी हाय. तिच्यावर पिकलेली वांगी मी हायवेला इकते, पुण्याचे लोक गाडी थांबवून नेतात. माझ्या हाताचा गुण म्हणून मी मिरवते. रागापायी समोर कदी मान वर केली न्हवती, ती आज केली. भाऊंचा काठ उभा कापला हुता आन् त्यांच्या आंब्याची मुळं उघडी पडलेली. मुळं धरून माती थोपावी म्हणून भाऊ तितं निरगुडीच्या काड्या रोवत बसले हुते.

लाज वाटली मला, लय वाटली.

"भाऊ, तुमची माती मी खाते, तुमाला म्हाईत हुतं?"

"व्हय की."

"मग बोलला का न्हाई?"

"तीन वर्सं जरा शांतता हुती, नंदा. मोडायचं जिवावर आलं."

मी पदर खोचला, काड्यांचा भारा उचलला. "आदी तुमचा काठ, मग माझा," म्हणाले, आन् अंधार पडेस्तोवर भाऊंचे कान किटवले.