टँकर मागे घेताना

“थांबा! आवं थांबवा की! बाय हाय मागं!”

ओरडणं कुठून आलं ते मला कळलं नाही. मी ब्रेक दाबला, तसं टँकरमधलं पाणी पुढे येऊन आदळलं आणि कुणीतरी ढकलल्यासारखा ट्रॅक्टर हलला. उतरून मागे धावलो. चाकापासून हातभर अंतरावर एक तरणी बाई वाकून कळशी उचलत होती.

“काय न्हाई झालं,” ती हसून म्हणाली. “कळशी घरंगळली हुती.”

आणि ती पुन्हा विहिरीच्या काठावर आपल्या जागी जाऊन उभी राहिली. विहिरीला कठडा नव्हता.

पंच्याण्णवचा उन्हाळा. आटपाडीच्या पूर्वेच्या वाड्यांना पाणी टाकायचं काम दोन वर्षांपासून माझ्याकडे होतं. ट्रॅक्टर माझा, टँकर सरकारी. टँकर वाडीच्या विहिरीत रिकामा करायचा आणि बायांनी ते पाणी शेंदून न्यायचं, अशी रीत. पुढच्यांना पाणी, मागच्यांना उरलंसुरलं. म्हणून ट्रॅक्टरचा आवाज आला की बाया दोर घेऊन काठावर येत आणि एकदा जागा धरली की हलत नसत. पाईप आखूड होता, त्यामुळे टँकर अगदी काठाशी न्यावा लागे. लांब पाईप द्या म्हणून मी तालुक्याला सांगून आलो होतो. येतोय, म्हणत होते.

बनू होती तोवर मला याची काळजी नव्हती. बनू माझी बायको. ती डाव्या मडगार्डवर बसून माझ्याबरोबर यायची. विहीर आली की उतरायची आणि मागे जाऊन उजव्या अंगाला उभी राहायची. बाजूच्या आरशात मला विहीर कधीच दिसली नाही. आरशात बनू दिसायची आणि बनूला विहीर दिसायची. तिचा हात हलत असला की मी मागे यायचो, हात थांबला की थांबायचो.

त्याच वर्षी माघात तिला कावीळ झाली. सांगलीला नेली. तिथून मी एकटा परत आलो.

लोक म्हणाले, घरात बसू नको, काम कर. कामाला लागलो. विट्याहून ट्रकचे दोन मोठे आरसे आणून दोन्ही बाजूंना बसवले. त्यात टँकरचं पोट दिसायचं आणि कडेचा फुफाटा. मधली जागा, जिथे बाया उभ्या असत, ती कुठल्याच आरशात नव्हती. मागे घेण्याआधी मी उतरून बाया मोजायचो. परत चढेपर्यंत आणखी तिघी आलेल्या असायच्या. घरी जेवायला बसलो की हातातला घास तसाच राहायचा. एखादीला आत ढकलली तर, एवढंच डोक्यात. खाली कातळ होता आणि पाणी गुडघाभर.

कळशीच्या प्रकारानंतर मी आटपाडीत बशीरच्या गॅरेजवर गेलो. म्हटलं, “गिऱ्हाईक बघ ट्रॅक्टरला.”

“का रं गड्या? येडा झाला का? ऐन सीझनात?”

मी सांगितलं. बशीरचा मुलगा अफताब तिथेच बसला होता. तो लग्नांचं शूटिंग करायचा. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, “मामा, आरशाला काय कळतंय? कॅमेरा लावू की मागं. वायर टाकतो, छोटा टीव्ही ठेवतो तुमच्यापाशी, बॅटरीवर चालतोय. मागलं समदं बसल्या जागी दिसंल.”

“लग्नातला कॅमेरा? टँकरला?”

“कॅसेटबी लागत न्हाई. डायरेक टीव्हीत.”

बशीर म्हणाला, “कॅमेरा पडला तर तुझ्या लग्नाचं चित्र हातानं काढावं लागंल.” पण त्यानेच वायरीचं भेंडोळं काढून दिलं.

दुसऱ्या दिवशी अफताब माझ्याबरोबर वाडीवर आला. टँकरच्या मागच्या शिडीला त्याने कॅमेरा टॉवेलाने आवळून बांधला. वायर टँकरवरून पुढे आणली. टीव्ही डाव्या मडगार्डवर ठेवून दोरीने बांधला. तिथे दुसरं काही ठेवायला मला बरं वाटत नव्हतं, पण ठेवू दिला. उन्हात टीव्हीत काही दिसेना, म्हणून त्यावर पोत्याची खोळ केली. मी वाकून आत बघितलं. काळी-पांढरी विहीर, काळ्या-पांढऱ्या बाया. सगळं दिसत होतं. कितीतरी दिवसांनी छातीवरचं ओझं जरा हलकं झालं.

मी गिअर टाकला आणि टीव्हीत बघत हळूहळू मागे येऊ लागलो.

बायांनी कॅमेरा बघितला. मला आत फक्त दिसत होतं, ऐकू काही येत नव्हतं. इंजिन घरघरत होतं. एकीने पदर नीट केला. दुसरीने पोराचं नाक पुसून त्याला पुढे उभं केलं. लांबच्या दोघी धावत आल्या आणि मधे घुसल्या. मग सगळ्या ओळीने ताठ उभ्या राहिल्या. लग्नात शूटिंगवाला समोर आला की उभं राहतात तशा. चाकाकडे कुणी बघत नव्हतं. सगळ्या कॅमेऱ्यात बघत होत्या, म्हणजे माझ्याकडे.

टीव्हीत डावीकडे काठ मोकळा दिसत होता. मी टँकर डावीकडे घेतला. बाया मोठ्या दिसायला लागल्या. म्हटलं, चुकलं, अजून डावीकडे हवा. अजून घेतला. बाया आणखी मोठ्या झाल्या. आरशात उजवीकडचं उजवीकडेच दिसतं. या टीव्हीत उलटं होतं. डावीकडे दिसणारी मोकळी जागा माझ्या उजव्या हाताला होती. हे मला नंतर कळलं. त्या वेळी एवढंच कळलं की मी हात फिरवतोय आणि होतंय भलतंच.

मग सबंध टीव्हीभर एकच चेहरा आला. हरणाबाईचा. वाडीतली सगळ्यात म्हातारी आणि सगळ्यात तोंडाळ बाई. तिचं तोंड हलत होतं, आवाज नव्हता. पुढच्या क्षणी टँकरवर घागर आपटल्याचा दणका बसला. तो मला पाठीत लागला. मी दोन्ही पायांनी ब्रेकवर उभा राहिलो.

इंजिन बंद केलं. खाली उतरलो. चाक काठावर गेलं होतं. काठाचा एक दगड सुटून आत पडला होता आणि त्याच्या शेजारीच हरणाबाईचे अनवाणी पाय होते. घागरीला खोक पडली होती.

“डोळं फुटलं का रं तुजं?” ती ओरडली. “आँ? फोटू काढायचा म्हनूनशान आमी उबं ऱ्हायलो, आन् तू आमाला खाली लोटाय निगालास व्हय?”

“मला दिसत होतीस,” मी म्हणालो. “समोर दिसत होतीस, पण...”

अफताब शिडीवर चढून टॉवेल सोडत होता. “चुकी माजी हाय आजी. डावं-उजवं ध्येनातच आलं न्हाई.”

“तू गप. तू लग्नात नवरी सोडून जिलबी काढतूस. तुला काय इचारायचं?”

बाया हसल्या. मी हसलो नाही. टँकर थोडा पुढे ओढून काढला आणि किल्ली काढून हरणाबाईसमोर धरली. “उद्यापासून दुसरा माणूस बघा. मला जमत नाही.”

“दुसरा कोन येतूय हितं?” ती म्हणाली. “आदीचा आठ दिसांत पळाला. तू गेलास तर आमी काय दगडं चाटायची?”

मी किल्ली तशीच धरून राहिलो. तिने थोडा वेळ माझ्याकडे बघितलं. आवाज खाली आला.

“बनू कशी करायची?”

मी दाखवलं. “इथं उभी राहायची, विहिरीला पाठ लावून नाही, बाजूनं. मला आरशात ती दिसायची, ती तुमच्याकडं बघायची. तिनं हात थांबवला की मी थांबायचो.”

“येवडंच?”

“एवढंच.”

हरणाबाईने फुटकी घागर खाली ठेवली. कमरेला दोर होता, तो सोडून घागरीवर टाकला आणि मी दाखवलेल्या जागी जाऊन उभी राहिली. तिची काठावरची जागा रिकामी झाली. ती लगेच दुसऱ्या एका बाईने घेतली. हरणाबाईला ते दिसलं.

“आज्जे, तुजा नंबर गेला की,” कुणीतरी म्हणालं.

“जाऊ दे. तुमी मागं सरा आदी. ए शेवंते, पोराला घी काखंत!” आणि मग माझ्याकडे वळून, “चड वर. का माजं थोबाड बसत न्हाई तुज्या आरशात?”

मी चढलो. आरशात ती दिसत होती. बुटकी, वाकलेली, पदर कमरेला खोचलेला. माझ्या सवयीपेक्षा आरसा वीतभर खाली करावा लागला. तिने हात वर केला. बनू मनगट हलवायची, ही अख्खा हात खालून वर ओढायची, रहाट ओढल्यासारखा. मी क्लच सोडला, परत धरला, परत सोडला. टँकर इंचाइंचाने मागे जात होता. ती बायांकडे बघत होती, चाकाकडे बघत होती, माझ्याकडे एकदाही नाही. मग हात थांबला. मी थांबलो.

पाणी विहिरीत पडायला लागलं. अफताब वायर गुंडाळत बाजूला उभा होता. मी स्टिअरिंगवर डोकं टेकून बसलो.

टँकर रिकामा झाला, बायांचं शेंदणं झालं, वाडी पांगली. सगळ्यांच्या शेवटी हरणाबाईने विहिरीत दोर सोडला. खोक पडलेली घागर अर्धीच वर येत होती. मी दोर ओढायला गेलो तर म्हणाली, “बस तिकडं.” पेलाभर पाणी ओतून तिने माझ्या हातात दिलं. चहासारखं लाल.

“लगीच पिऊ नगंस,” ती म्हणाली. “बसू दे जरा.”

मी ट्रॅक्टरच्या सावलीत बसलो. हरणाबाई थोड्या अंतरावर पाय पसरून बसली. पेला हलू नये म्हणून तो दोन्ही हातांनी धरून मी गाळ खाली जाण्याची वाट बघत राहिलो.