कागदावर भरलेला पंप

"ऐक! कान लावून ऐक माझ्या नवऱ्याचं पोट कसं वाजतंय ते!" विल्मा जीनने डेल्मरची चाकाची खुर्ची थेट दवाखान्यातल्या बिलांच्या खिडकीवर आणून आदळली.

खिडकीमागे बिलं करणाऱ्या लोर्ना स्टिडमला कान लावायची गरज नव्हती. डेल्मरच्या पोटात, कातडीखाली बसवलेला औषधाचा पंप पिकपिक करत होता. म्हणजे औषध तळाला गेलं. कोळशाच्या खाणीत छत कोसळून त्याच्या कण्याचं वाटोळं झालं, त्याला नऊ वर्षं झाली. तेव्हापासून हा पंप थेंबथेंब औषध कण्यात सोडतो, म्हणून पाय आखडत नाहीत. तो कोरडा पडला तर अंग ताठ, ताप भडकलेला, आणि मग माणूस हाती लागेलच असं नाही. आज मंगळवार. पंपाच्या हिशेबाने शुक्रवारी ठणठणाट.

"विमावाले नाही म्हणतायत," लोर्ना म्हणाली. "त्यांच्या मंजुरीशिवाय औषध बनूनच येत नाही."

"का नाही म्हणतायत?"

लोर्नाने समोरचे कागद सारखे केले. कारण तिला चांगलं ठाऊक होतं. सकाळी विम्याच्या माणसाने फोनवर थंडपणे सांगितलं होतं, "पंप भरलेला आहे, बाई. अठ्ठावीस मार्चला तुमच्याच दवाखान्याने भरलाय. बिल आहे आमच्याकडे."

कसला डोंबलाचा भरलाय! मार्चमध्ये डॉक्टर रस्कने पोटावर यंत्र धरून डोस जरा वाढवला आणि पाच मिनिटांत मोकळा झाला. सुई टोचली नाही की औषधाची बाटली उघडली नाही. पण जाताजाता म्हणाला, "बिलावर पंप भरल्याचा कोड टाक, त्याचे पैसे जास्त मिळतात," आणि हिने टाकला. दोन वर्षं टाकत होती. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, दुसरं काय.

ती आत गेली. "ते मार्चचं बिल मागे घेऊ या, डॉक्टर. तेवढाच मार्ग आहे."

"डोकं फिरलंय का तुझं? एक मागे घेतलं की ते बाकीची उकरून काढतील."

"डेल्मर मरेल."

"जाईल मोठ्या इस्पितळात."

"ते दोन तासांवर आहे. आणि तिथे पंपाला हात लावणारं कुणी नाही, तुम्हालाही माहितेय."

रस्कने पेन खिशाला अडकवलं. "कोड कुणी टाकलेत, लोर्ना? नोंदीवर नाव कुणाचं आहे? माझं तर नाही. जा, जागेवर बस."

चोर तो चोर, वर शिरजोर! लोर्नाचे कान तापले. पण मेल्याचं बोलणं खोटं नव्हतं. नाव तिचंच होतं. ती जागेवर येऊन बसली आणि तिने मार्चचा कागद काढला. पंपाला यंत्र लावलं की तो आपली हकिकत स्वतःच छापून देतो. आधी औषध सतरा मिली. नंतर सतरा मिली. तो कागद जोडून तिने बिल रद्द करायला पाठवलं. खाली लिहिलं: पंप भरला नव्हता. कोड टाकणारी, लोर्ना स्टिडम. 'चुकून' हा शब्द तिने आधी लिहिला होता, तो खोडला.

बुधवारी मंजुरी आली, गुरुवारी दुपारी औषध आलं. रस्कने दात-ओठ खात पंप भरला. बाहेर येऊन सगळ्यांसमोर म्हणाला, "संध्याकाळपर्यंत टेबल रिकामं कर."

लोर्ना आपला मग खोक्यात ठेवत होती, तेवढ्यात विल्मा जीन खिडकीशी आली. डेल्मरचं पोट आता गप्प होतं.

"काल विमावाल्याचा फोन आला होता. मार्चमध्ये सुई टोचली होती का, विचारत होता. ते भरल्याचं तू लिहिलंस?"

"हो. मीच." आणि न राहवून तिच्या तोंडून गेलं, "मागेही मीच घेतलं."

"मग काय, आरती ओवाळू तुझी?" विल्मा जीनने खिडकीच्या कठड्यावर मूठ आपटली. "तीन दिवस मी ह्याच्या पोटाला कान लावून बसले. मी! आणि तू इथे कॉफी पीत होतीस. आणखी किती जणांची पोटं भरून ठेवलीयस गं कागदावर?"

लोर्नाने काल रात्री मोजली होती. "एक्केचाळीस."

"मग ती कधी वाजायची?"

उत्तरासाठी ती थांबलीच नाही. खुर्ची वळवून दाराकडे निघाली, आणि डेल्मरने एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

लोर्नाने खोकं खाली ठेवलं आणि खुर्ची ओढून पुन्हा संगणक चालू केला. खोट्या बिलांच्या यादीत पहिलं नाव एका शाळामास्तरणीचं होतं, तिचा पंप जुलैत संपणार होता. संध्याकाळ व्हायला अजून तीन तास होते.