तळावरच्या तांबड्या रेघा

मी एक जुनी कयाक आहे, म्हणजे एकट्याने बसून वल्हवायची लांबट होडी. रंगाने पिवळी, म्हणजे एके काळी पिवळी होते. आता उन्हाने विटून शिळ्या ताकासारखी दिसते. मित्रांनो, तुम्हाला माझी कहाणी सांगते, पण आधी जरा लांब बसा. आणि माझ्या तळाखाली कुणी डोकावू नका. तिथे पाहिले की काय होते, ते मी एकदा भोगले आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला. साच्यात प्लास्टिकची भुकटी भरून मला भट्टीत गरगर फिरवले. तेव्हापासून कुणी गोल गोल बोलू लागले की माझ्या मनात पाल चुकचुकते. दुकानात मी भिंतीला टेकून उभी असे. दुकानदार गिऱ्हाइकाला सांगायचा, "ही कधी बुडणारच नाही." आणि त्याच दमात त्याला तरंगायचे जाकीट विकायचा. आता सांगा, विश्वास ठेवायचा तरी कुणावर?

मला विकत घेतले ज्यूल एबेअरने. मडके घेताना वाजवून पाहतात, तसे त्याने मला बोटांनी टोकापासून टोकापर्यंत वाजवले, बूच काढून आत विजेरी मारली, आणि दुकानदाराकडे पाहून म्हणाला, "एवढी चांगली आहे तर विकतोस कशाला?" मला तो माणूस तिथेच आवडला.

आमचे घर अमेरिकेत, लुइझियाना राज्यात, सारसेल तळ्याच्या काठी. पूर येतो म्हणून इथली घरे खांबांवर उभी असतात. घराखाली दोन पट्ट्यांनी मला टांगलेले होते, आणि माझ्या बरोबर वर स्वयंपाकघर. जमिनीच्या फळ्या पातळ. ज्यूल आणि त्याची बायको व्हर्डी काय बोलतात, कॉफीत किती साखर घालतात आणि कोणाच्या नावाने बोटे मोडतात, ते सगळे मला ऐकू येई.

आमच्या तळ्याचे पाणी मचूळ. दलदलीतल्या कालव्यांनी ते समुद्राला जोडलेले आहे, आणि त्यात रेडफिश राहतो. तांब्याच्या नव्या भांड्यासारखे अंग आणि शेपटीवर एक काळा ठिपका. उथळ पाण्यात तो डोके चिखलात खुपसून खेकडे शोधतो, तेव्हा त्याची शेपटी पाण्याबाहेर हलते. इंजिनाची होडी आली की तो पळून जातो. मी मात्र आवाज न करता त्याच्या पाठीशी जाऊन उभी राहते. गळाला लागला की तोच आम्हाला ओढत नेतो. एकदा एकाने आम्हाला अर्धे तळे फिरवून आणले होते. माझ्या पाठीवर एक मोजपट्टी चिकटवलेली आहे. अठरा इंचांहून लहान किंवा सत्तावीस इंचांहून मोठा मासा परत सोडायचा, असा नियम. त्या घरात खरे बोलणारी तेवढी एकच वस्तू, ती मोजपट्टी. मासा सोडून दिला, की घरी पोहोचेपर्यंत तो चार इंच वाढलेला असे.

आमच्या गावची एक रीत आहे. माशाचा रस्सा शेजाऱ्याला भांडेभर देतील, पण मासा कुठे मिळाला ते सांगणार नाहीत. "कुठे लागला रे?" असे कुणी विचारलेच, तर उत्तर ठरलेले: "जबड्यात." मग दोघेही हसतात आणि विषय संपतो. पण ज्यूलचे त्याने भागत नव्हते. तो ताकाला तूर लागू देणाऱ्यातला नव्हता.

त्याची जागा होती विटांचा डोह. फार पूर्वी तळ्याच्या पश्चिमेला बदकांच्या शिकाऱ्यांचे एक घर होते. वादळात ते वाहून गेले, धुराडे तेवढे पाण्यात कोसळले. त्या विटांभोवती पाण्याने जमीन कोरून खोल डोह केला होता. चहूकडे गुडघाभर पाणी आणि मधेच दोन पुरुष खोल! तिथे रेडफिश असे उभे राहात, की मोजताना मला संशय यायचा, एकच मासा पुन्हा पुन्हा तर मोजत नाही ना?

तिथे जायला ज्यूल काय करी? गाडी उभी करी पूर्वेच्या शिंपल्यांच्या धक्क्यावर, सगळ्यांना दिसेल अशी. तिथून मला पाण्यात सोडून दोन तास उलट दिशेला वल्हवत, लव्हाळ्यांतल्या अरुंद चरातून पश्चिम गाठी. परतल्यावर माझ्यावरचा चिखल धुऊन काढी, कारण पश्चिमेचा चिखल जास्त काळा असतो. फोन गाडीच्या खणात ठेवून येई. फोन आपला ठावठिकाणा सांगतो, असे त्याने कुठेतरी ऐकले होते. आणि व्हर्डीने विचारले, "आज कुठे?" तर म्हणे, "पूर्वेला." एकोणीस वर्षे, दर खेपेला, "पूर्वेला."

मला यात काही वावगे वाटले नाही. जगच तसे आहे, असे मी समजत होते. माझा संशय दुसऱ्याच माणसावर होता. व्हर्डीचा धाकटा भाऊ, लॉरिस. तो दर आठवड्याला गरम बुदँ घेऊन येई. तांदूळ आणि मांस भरलेल्या त्या सॉसेजचा वास फळ्यांतून खाली येई. बहिणीकडे जाताना मात्र जिन्यापाशी थांबून, खाली वाकून तो माझा तळ पाही. एकदा तर त्याने बोट फिरवले. भावजींची कयाक पाहतोय, असे कुणालाही वाटेल. मला नाही वाटले. सोमवारी डोहावर गेलो की मासे बुजलेले असत, आणि एकदा लव्हाळ्याला अडकलेला गळाचा तुटका दोराही दिसला. ज्यूल त्या दोऱ्याकडे बराच वेळ पाहात बसला. आता तो जेवतानाही लॉरिसकडे डोळे बारीक करून पाहू लागला.

मग जानेवारीतला तो गुरुवार आला. आमच्याकडे हिवाळ्यात उत्तरेचा वारा सुटला, की तळ्याचे पाणी समुद्राकडे पळते. उथळ जागा कोरड्या पडतात आणि सगळे मासे खोल डोहात गोळा होतात. शहाणा माणूस अशा दिवशी घरी बसतो. पण ज्याच्याजवळ डोह आहे त्याला घर गोड कसे लागेल?

"वारा फिरणार आहे म्हणतायत," व्हर्डी वरून म्हणाली.

"मी काय लांब जातोय? इथेच, पूर्वेला."

"फोन घेतलास?"

"घेतला." फोन खणात होता.

डोहावर मासे खच्चून भरले होते. नियमाने दिवसाला चारच मासे घरी नेता येतात, ते तासाभरात मिळाले. मग तो नुसताच धरत आणि सोडत राहिला. पाणी उतरत होते. माझे पोट विटांना घासले, मी कर्रकर्र वाजले. "थांब गं जरा," तो म्हणाला. मी थांबले, मला दुसरे काय येते? त्याने मान वर केली तेव्हा परतीचा चर नाहीसा झाला होता. सगळीकडे काळा, चकचकीत चिखल. त्याने एक पाय खाली टाकला तो मांडीपर्यंत गेला. कसाबसा वर आला तेव्हा एक गमबूट चिखलातच राहिला.

त्याने शिट्टी फुंकली. वाऱ्याने ती दक्षिणेला नेली, आणि तिकडे ऐकायला बगळ्यांशिवाय कुणी नव्हते. भिजलेला पाय पांढरा पडला, मग निळा. दुपार कलली तेव्हा त्याला बोटे मिटता येईनात. मित्रांनो, मला भीती वाटली. मी आजवर सगळ्यांवर संशय घेतला होता, पण हा माणूस माझ्याच पाठीवर मरेल, अशी शंका मला कधी आली नव्हती. बऱ्याच वेळाने तो हलक्या आवाजात म्हणाला, "व्हर्डीला मी पूर्व सांगितलंय गं." आणि मान खाली घालून बसला.

तिकडे काय चालले होते ते मला नंतर कळले. तीनच्या कॉफीला ज्यूल आला नाही म्हणून व्हर्डीने गाव उठवले. पंधरा-वीस होड्या पूर्वेला निघाल्या. कुणीतरी म्हणाले, पश्चिमेलाही पाहू या. तेव्हा ती धक्क्यावर उभी राहून म्हणाली, "माझा नवरा तुमच्याशी खोटं बोलेल, माझ्याशी नाही. पूर्वेलाच शोधा." तिच्या शब्दावर माणसे चुकीच्या चिखलात तंगड्या तोडत राहिली.

उन्हे पार तिरपी झाली तेव्हा पश्चिमेच्या काठाने एक पिरोग येताना दिसली. पिरोग म्हणजे आमच्याकडची फळीसारखी चपटी होडी. एक गुडघा तिच्यात टेकवून, दुसऱ्या पायाने चिखल ढकलत एक माणूस येत होता. तो कुठे थांबला नाही. इकडेतिकडे पाहिलेही नाही. सरळ आमच्यापाशी आला. तो लॉरिस होता.

"चढ," तो धापा टाकत म्हणाला.

ज्यूलचे दात वाजत होते. तो हलला नाही. "तुला ही जागा कशी ठाऊक?"

"आधी चढ, मग सांगतो."

"आधी सांग, मग चढतो."

"अरे मरशील!"

"मरेन. पण सांग."

लॉरिसने कपाळाला हात लावला. "तुझ्या कयाकच्या तळाला तांबड्या रेघा आहेत. विटांच्या. चिखल धुतोस, ओरखडे कसे धुशील? सगळ्या तळ्यात विटा एकाच ठिकाणी आहेत."

"किती वर्षं येतोयस?"

"नऊ. रविवारी. तू चर्चला असतोस तेव्हा."

"चोरा!"

"हो, चोर. आता चढतोस का?"

ज्यूल चढला. लॉरिसने आपला कोट त्याच्या अंगावर टाकला आणि पिरोग वळवली. मला एका काठीला बांधून तिथेच ठेवले.

तीन दिवस मी चिखलात एकटी होते. एवढ्या वर्षांची सेवा अशी चिखलात गेली, असेही मनात आले. पण त्याहून दुसरी गोष्ट टोचत होती. मी दुकानदारावर संशय घेतला, लॉरिसवर घेतला, वाऱ्यावर घेतला. आणि घरभेदी निघाले मी! ज्यूलची जागा माझ्याच पोटाने फोडली. फोडली नसती तर काय झाले असते, तेही कळत होते. त्या दिवसापासून मला धड अपराधी वाटत नाही, आणि धड अभिमानही वाटत नाही.

चौथ्या दिवशी वारा दक्षिणेचा झाला, पाणी परतले आणि मी तरंगले. लॉरिसच्या होडीतून व्हर्डी आली. एवढ्या वर्षांत तिने मला कधी हात लावला नव्हता. ती डोहाकडे पाहात राहिली. वरून पाहिले तर तिथे होते काय? तिच्या स्वयंपाकघराएवढे काळपट पाणी.

"एवढंच?" ती म्हणाली. "एवढ्यासाठी?"

तेवढ्यात काठाशी एक तांबूस शेपटी वर आली, काळा ठिपका उन्हात दिसला आणि शेपटी परत खाली गेली. व्हर्डीने डोळे पुसले. मग ती माझ्यात बसली आणि स्वतः वल्हवत मला धक्क्यावर घेऊन आली. वल्हे चुकीचे धरले होते, पण पोहोचलो.

धक्क्यावर शोधाला गेलेल्यांपैकी चारपाच जण उभे होते. एकाने विचारले, "व्हर्डी, ज्यूल नेमका कुठे सापडला गं? लॉरिस तर तोंडच उघडत नाही."

मला वाटले, आता ही बाई सगळ्या गावाला सांगणार, आणि तिला तो हक्कही होता.

"दक्षिणेला," व्हर्डी म्हणाली. तिची पापणीसुद्धा लवली नाही. "बगळ्यांच्या कालव्यात."

त्या संध्याकाळी मी पुन्हा घराखाली टांगले गेले. वर ज्यूल गरम पाण्यात पाय घालून बसला होता.

"माशाला फसवताना निदान कोळंबी तरी लावतोस," व्हर्डीचा आवाज आला. "मला काय, नुसतंच 'पूर्वेला'? साऱ्या गावासमोर मी छाती ठोकून सांगितलं, माझा नवरा माझ्याशी खोटं बोलत नाही."

पाण्यात पाय चुळबुळल्याचा आवाज आला.

"चुकलं माझं," ज्यूल म्हणाला. "मला वाटायचं, तुला सांगितलं की लॉरिसला कळेल."

"लॉरिसला तर कळलंच! मलाच तेवढं कळलं नाही. चोराच्या वाटा चोराला ठाऊक म्हणून वाचलास. मी साधी बाई, मला वाटा कुठून ठाऊक असणार?" मग खुर्ची सरकली. "घे पेन. काढ नकाशा."

पेन कागदावर फिरले, थांबले. मग खाडाखोडीचा आवाज आला. माझ्या मते पहिल्या खेपेला त्याने डोह थोडा सरकवूनच काढला असावा. सवय अशी एका दिवसात जात नाही.

"हा खरा?"

"खरा."

"मी पाहून आलेय, ज्यूल."

"म्हणूनच खोडला."

व्हर्डी हसली, त्या गुरुवारनंतर पहिल्यांदा. "जाताना रोज इथे बोट ठेवून दाखवायचं. आणि फोन अंगावर. लॉरिसलाही सांगितलंय, रविवारी चर्चला यायचं. माशांनाही एक दिवस सुटी हवी. आणि हो, गावात मी दक्षिण सांगितलीय. उगाच पूर्व बोलून मला पुन्हा तोंडघशी पाडू नकोस."

मित्रांनो, या गोष्टीला बरीच वर्षे झाली. ज्यूलचे गुडघे आता वाकत नाहीत, मी फारशी पाण्यात जात नाही. माझ्या बुचाचे रबर कडक झाले आहे आणि आसनात गांधीलमाश्यांनी घर केले आहे. तुमच्या घरी माझ्यासारखी कुणी असेल तर तिला उन्हात टाकू नका, पालथी ठेवा आणि बूच तेवढे वेळच्या वेळी बदला. जगावर संशय खुशाल घ्या. मी अजून घेते. पण घरातून निघताना एका तरी माणसाला खरे सांगून निघा. बाकीच्यांना काय सांगायचे ते आपण दोघे मिळून ठरवावे.

आणि तुम्ही असे खाली वाकून काय पाहताय? डोह कुठे आहे ते विचारायचे असेल तर सरळ विचारा.

दक्षिणेला आहे. बगळ्यांच्या कालव्यात.