श्रावणातला कचरा

नगरपालिकेच्या माणसांनी इंदापुरातल्या त्या आळीत घरटी एकेक पिशवी वाटली. दिवसभराचा कचरा यात टाका, म्हणाले, उद्या चौकात ओतून, निवडून, वजन करू. गावात कचरा किती निघतो, कशाकशाचा निघतो, ते बघायचं होतं म्हणे. नव्वद सालानंतर सरकारला काय काय सुचायला लागलं होतं!

संध्याकाळी शकुबाईची पिशवी रिकामीच. साली शेळीनं खाल्ल्या, राख भांड्यांना लागली, कागद बंबात गेले. आता चारचौघांत रिकामी पिशवी झटकायची? शेजारची भामाबाई लगेच म्हणणार, हिच्या घरात चूल पेटत न्हाय. आणि भामाबाई बोलली की ते पणदऱ्यापर्यंत पोचलंच म्हणायचं. पणदऱ्यात शकुबाईच्या लेकीची सोयरीक चालली होती.

तांबडं फुटायच्या आधी ती भामाबाईच्याच परड्यात शिरली. उकिरड्यातला हाताला लागेल तो ऐवज उचलला आणि पिशवी टम्म फुगवली.

चौकात ताडपत्री अंथरली होती. आधी भामाबाईची पिशवी ओतली. बेलाची पानं, निर्माल्य, नारळाची शेंडी, शेंगांची टरफलं.

"आमच्यात श्रावण लई कडक," भामाबाई आळीला ऐकू जाईल असं म्हणाली.

मग शकुबाईची. केळीच्या साली, अंड्यांची टरफलं आणि चांगली पसाभर कोंबडीची हाडं!

श्रावणात कोंबडी! शकुबाईला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. खरं सांगावं तर कचराचोर, न सांगावं तर पोरीची सोयरीक मोडते. तिला रडूच यायला लागलं. तेवढ्यात तिची नजर भामाबाईकडे गेली. भामाबाईचं तोंड चुन्यासारखं पांढरं पडलं होतं. तेव्हा कुठं शकुबाईच्या डोक्यात उजेड पडला.

"भामाबाई," ती गोड आवाजात म्हणाली, "ही हाडं कुणाची वो? मी सांगू का तुमी सांगताय?"

"अगं, कुत्र्यानं आणून टाकली असत्याल!" भामाबाई घाईघाईनं लोकांकडे वळली. "शकूच्या घरात श्रावणात अंडंसुदिक शिजत न्हाय. मी शेजारीण हाय, मला ठावं!"

भामाबाईनंच ग्वाही दिल्यावर आळीची काय बिशाद! नगरपालिकेच्या साहेबांनी हाडं तोलली आणि उद्यासाठी पुन्हा पिशव्या वाटल्या.

त्या संध्याकाळी शकुबाईची कडी वाजली. दारात भामाबाई, पदराखाली टोपलं.

"घे," ती कुजबुजली. "आजचा कचरा. सोता निवडलाय, नुसती भाजीची देठं हाईत. पर माज्या परड्यात पाय ठिवू नगंस, बाई!"