पुढे काय दिसतंय

आमच्या ह्यांनी नोकरीभर शहराची बस चालवली आणि गाडीला एक ओरखडा येऊ दिला नाही. तेवढीच वर्षं मला ऐकवलं की स्टिअरिंग हे तुझं काम नव्हे. असा हा माणूस एका सकाळी माझ्यापुढे गाडीची किल्ली ठेवतो आणि म्हणतो, "चल, शिकवतो." म्हटलं, अंगात ताप तर नाही ना?

तर म्हणाले, लेकीची बदली झाली, नात आपल्याकडे राहणार, तिला शाळेत सोडायला दोघांनाही गाडी चालवता यायला हवी. लेकीला मात्र फोनवर छाती ठोकून सांगितलं होतं, "मी आहे ना, तू काळजी करू नकोस." मग माझी गरज कुठे आली? विचारलं तर म्हणे पाठ दुखते.

शिकवण्याची तऱ्हाही न्यारी. नुसतं बघायचं नाही, जे दिसतंय ते तोंडाने सांगायचं. त्यांच्या डेपोत म्हणे असंच शिकवत. मी आपली बडबडत चाललेय: "पुढे सायकल. सायकलवर काका. काकांच्या मागे टेम्पो." आणि हे शेजारी बसून प्रत्येकाला "आय सी, आय सी." डेपोतल्या कुठल्याशा साहेबाकडून उचललेला हा एकच इंग्रजी शब्दप्रयोग, तो जन्मभर पुरवून वापरला.

नात आली. तिला आम्ही चिमणी म्हणतो, पण चोच कावळ्याची. एका संध्याकाळी अभ्यास करता करता मलाच शिकवायला लागली.

"आजी, लुक म्हणजे मुद्दाम बघायचं. सी म्हणजे दिसायचं. माणूस लुक करतो, पण सी होईलच असं नाही."

"हे काय भलतंच?"

"तू नाही का, परवा फाटकातून गाडी आत घेताना आरशात लुक केलंस, आणि फाटक सी झालंच नाही."

मी तिच्या तोंडावर हात ठेवला. कारण ते खरं होतं. हे फाटक उघडायला उतरले होते आणि मी दार घासलं होतं, चांगलं हातभर. "कसला आवाज?" म्हणून विचारलं, तर मी म्हटलं, चाकाखाली दगड आला असेल. हे चालत आले, दाराकडे सरळ बघितलं, म्हणाले, "आय सी," आणि घरात गेले. मी मनातल्या मनात देवाला हात जोडले. एवढ्या कडक माणसाच्या नजरेतून हातभर ओरखडा सुटतो कसा, हा प्रश्न तेव्हा पडायला हवा होता. पण सुटल्याच्या आनंदात कुणाला प्रश्न पडतात?

पुढे पुढे तर हे स्वतः चालवत असले तरी मलाच बोलायला लावायचे. "सराव मोडायला नको," म्हणायचे. शाळा सोमवारी सुरू होणार होती, माझी परीक्षा त्याच्या आदल्या आठवड्यात. घाई माझ्यापेक्षा ह्यांनाच जास्त.

परीक्षेच्या थोडं आधी, बाजारातून येताना मी भर चौकात गाडी बंद पाडली. ह्यांनी इतकं बोलून घेतलं की विचारू नका. म्हटलं, घ्या तुमची गाडी. जागा बदलली आणि तोंडाला कुलूप घातलं. एक अक्षर बोलायचं नाही असं ठरवलंच.

गाडी हळू झाली. मग आणखी हळू. भाजीच्या पिशव्या घेतलेल्या बायका आम्हाला मागे टाकून गेल्या. मागे हॉर्न वाजायला लागले आणि पुढच्या सिग्नलला हे थांबले ते थांबलेच.

"अगं, बोल ना काहीतरी."

"काय बोलू? समोर सिग्नल आहे, दिसतोय की."

दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट. माझ्याकडे न बघता म्हणाले, "कोणता लागलाय?"

हिरवा लागला होता.

"कधीपासून?"

"बरेच दिवस झाले. सगळं धुरकट दिसतं. तू सांगतेस त्यावर चालवतो."

"आणि डॉक्टर?"

"ते डोळ्यात सुई घालतात म्हणे."

मी इतकी चिडले की रडायलाच आलं. "ह्या गाडीत चिमणीला बसवणार होतात?"

"नाही गं. म्हणून तर तुला शिकवलं. लेकीला शब्द देऊन बसलो होतो, आणि माझ्याच्याने होणार नाही हे सांगायची लाज वाटली."

"उतरा," म्हटलं. गाडी घरापर्यंत मी नेली. वाटेत बस होती, सायकली होत्या, रस्ता ओलांडणारा कुत्रा होता, पण ह्यांना काही सांगितलं नाही. सगळा वेळ त्यांना झाडण्यात गेला. दारात उतरताना अट घातली: डोळे दाखवा, नाहीतर आत्ता लेकीला फोन लावते. बसचा ब्रेक निकामी झाला तेव्हा न डगमगलेला माणूस, ऑपरेशनचं नाव काढल्यावर देवासमोर जाऊन बसला.

परीक्षेत मी सवयीने बडबडत सुटले. परीक्षक शेवटी कळवळून म्हणाले, "बाई, मलाही दिसतंय." पण पास केलं. सोमवारी चिमणीला मी सोडलं. शेजारी हे बसले होते, मी सगळं सांगत होते. शाळेची भिंत नवी रंगवलीय, पिवळी. फुलवाल्याच्या दुकानाला नवी पाटी लागलीय. गाडी चालवायला ह्याचा काडीचा उपयोग नव्हता, तरी सांगितलं.

मोतीबिंदूच होता. दोन्ही डोळे झाले, चिमणी हात धरून बसली होती. डॉक्टरांनी सगळं ठीक आहे म्हणून सांगितलं त्या दिवशी हे घरी येऊन तडक गाडीपाशी गेले. दारासमोर उभे राहिले. ओरखड्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट फिरवलं.

"सगळं सांगितलंस," म्हणाले, "हे नाही सांगितलंस."

मी "आय सी," म्हटलं.

चिमणी फाटकामागे लपली. आता किल्ली मागणार, असं मला वाटलं आणि खरं सांगते, वाईट वाटलं. हात पुढे करून किल्ली धरली. ह्यांनी ती घेतली नाही. गाडीला वळसा घातला आणि शेजारच्या सीटवर जाऊन बसले. पट्टा लावला.

मी गाडी काढली. फाटकातून या वेळी नीट बाहेर आली. कोपऱ्यावर वळलो तसे हे डोळे मिटून मागे टेकले.

"सांग," म्हणाले, "पुढे काय दिसतंय?"